डोक्याच्या सौम्य दुखापतीसाठी कॅज्युअल्टीतील कर्मचाऱ्यांना नेमके काय आणि कसे शिकवावे?

प्रश्न : कॅज्युअल्टी अधिकारी, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात कॅज्युअल्टीची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुणे-बंगळूर महामार्ग, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती आणि उसाच्या हंगामात रात्री-अपरात्री रिफ्लेक्टरविना धावणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या यांमुळे डोक्याला मार लागलेले रुग्ण आमच्याकडे सतत येत असतात. त्यांतील बहुतेक जण शुद्धीवर असतात, स्वतःच्या पायांनी चालत आत येतात आणि शुद्धी मोजण्याच्या ग्लासगो कोमा स्केलवर त्यांचे गुण १५ पैकी १३ ते १५ भरतात. गंभीर रुग्ण आला की कोणी काय करायचे हे आमच्याकडे ठरलेले आहे आणि ते काम चोख होते. अडचण आहे ती या चालत येणाऱ्यांची.

एकाच प्रकारचा मार लागलेल्या दोन माणसांना आमच्याकडे दोन वेगळे उपचार मिळतात, आणि कोणाला कोणता मिळणार हे त्या वेळी ड्युटीवर कोण आहे यावर ठरते. एक डॉक्टर सरसकट सर्वांना सीटी स्कॅन लिहून देतात. दुसरे जखमेला टाके घालून, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन तासाभरात घरी पाठवतात. केसपेपर उघडून पाहिला तर ‘रुग्ण शुद्धीवर, उलटी नाही, नातेवाइकांना समज दिली’ एवढीच ओळ असते. किती वाजता पाहिले, दुसऱ्यांदा कधी पाहिले, कोणती समज दिली, यांतले काहीही त्यात नसते.

रात्रपाळीला आमच्याकडे बहुधा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर निवासी डॉक्टर असतात. सोबत दोन परिचारिका आणि एक वॉर्डबॉय. माणसे मनापासून काम करणारी आहेत, परंतु वर्ष-दीड वर्षात बदलतात. गेल्या वर्षी या विषयावर सभागृहात एक चांगले व्याख्यान ठेवले होते. सर्वांनी हजेरीपत्रकावर सह्या केल्या, प्रश्नही विचारले. केसपेपर मात्र पुढेही तसेच येत राहिले. आता व्यवस्थापन पुन्हा प्रशिक्षणासाठी वेळ आणि थोडा खर्च द्यायला तयार आहे, आणि ही संधी वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते. प्रशिक्षण कोणाला द्यावे, त्यात नेमके काय असावे, आणि त्याने फरक पडला की नाही हे कसे ओळखावे, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर १ : आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे अध्यापक, पुणे

‘डोक्याची दुखापत’ असा विषय ठेवून प्रशिक्षण घेतले की शरीररचनेपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत कोणी काहीच वेगळे करत नाही. म्हणून आधी कर्मचाऱ्यांची कोणती कृती बदलायची आहे हे ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपण लिहिलेल्या केसपेपरवरून त्या कृती तीन दिसतात : रुग्णाला ठरलेल्या अंतराने पुन्हा पाहणे आणि ते वेळेसह लिहिणे, सीटीचा निर्णय ठरलेल्या निकषांवर घेणे, आणि घरी पाठवताना लेखी सूचना समजावून देणे. यांपलीकडचे सर्व काही या फेरीत बाजूला ठेवावे.

ऑस्ट्रेलियात ३१ आपत्कालीन विभागांत नेमक्या याच प्रश्नावर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. काही विभागांतील एकेक डॉक्टर आणि परिचारिका यांना आधी तयार करण्यात आले, आणि त्यांनी आपापल्या ठिकाणी सहकाऱ्यांना शिकवले. उरलेल्या विभागांना केवळ मार्गदर्शक सूचना पाठवल्या गेल्या. प्रशिक्षण मिळालेल्या विभागांत दुखापतीनंतरची विस्मृती मोजण्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. सीटीचा निर्णय आणि लेखी सूचना या दोन बाबतींत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. याचा मी लावलेला अर्थ असा की, ज्या कामासाठी हातात एक ठोस साधन दिले गेले आणि जे काम कोणाचे आहे हे स्पष्ट होते, ते काम प्रशिक्षणाने रुळले; जिथे प्रत्येकाची जुनी सवय होती आणि नेमकी जबाबदारी कोणाचीच नव्हती, तिथे शिकवणे पुरेसे पडले नाही. आपल्या गेल्या वर्षीच्या व्याख्यानाचेही तेच झाले असावे.

विस्मृती मोजण्याचे ते साधन अगदी साधे आहे. ग्लासगो कोमा स्केल १९७४ मध्ये टीस्डेल आणि जेनेट यांनी मांडली. ती डोळे, बोलणे आणि हालचाल पाहते, परंतु १५ पैकी १५ गुण मिळवणाऱ्या माणसाच्या मेंदूत नवी आठवण साठते आहे की नाही हे ती सांगत नाही. त्यासाठी वेस्टमीड पद्धतीच्या संक्षिप्त चाचणीत स्केलचे गुण घेऊन झाल्यावर रुग्णाला तीन चित्रे दाखवतात आणि तासाभराने ती कोणती होती हे विचारतात. नीट आठवली तर १५ अधिक ३ असे १८ गुण होतात. जो माणूस हसून बोलतो आहे, पण तासापूर्वी पाहिलेले एकही चित्र ज्याला सांगता येत नाही, त्याला घरी जाऊ देऊ नये हे परिचारिकेला तेवढ्यावरून कळते. तीन चित्रांचे संच छापून लॅमिनेट करून घ्यायला खर्च जवळजवळ नाही.

उत्तर २ : निवृत्त सिस्टर इनचार्ज, कोल्हापूर

अध्यापक सरांच्या म्हणण्यात मला परिचारिकांच्या बाजूने भर घालायची आहे. डॉक्टर रुग्णाला पाहून पुढच्या टेबलकडे जातात; त्यानंतरचे चार-सहा तास तो रुग्ण सिस्टरच्या नजरेखाली असतो. त्यामुळे प्रशिक्षणाचा मोठा वाटा तिच्यासाठी असायला हवा आणि तो सभागृहात न होता कॅज्युअल्टीतच, ड्युटी बदलताना पंधरा मिनिटे काढून व्हायला हवा. एक सिस्टर रुग्ण होऊन कॉटवर झोपते, दोघी जणी स्वतंत्रपणे गुण देतात आणि मग कागद शेजारी ठेवून पाहतात. दोघींचे गुण जुळत नाहीत तेव्हा जी चर्चा होते ती पुस्तकातून होत नाही. सुजेमुळे डोळा उघडतच नसेल तर काय लिहायचे, ‘हो, हो’ एवढेच म्हणणाऱ्याला बोलण्याचे किती गुण द्यायचे, छातीवर जोरात दाबण्याआधी नुसती हाक मारून का पाहायचे, हे सगळे तिथे निघते. गुण लिहिताना बेरीज न लिहिता डोळे, बोलणे आणि हालचाल यांचे वेगवेगळे आकडे लिहावेत, कारण नुसत्या ‘१४’ वरून पुढच्या पाळीतल्या सिस्टरला काहीच कळत नाही.

आपल्या भागातील रुग्णांना प्रश्न विचारताना थोडे तारतम्य लागते. आजचा महिना कोणता असे विचारल्यावर गगनबावड्याच्या आजोबांनी ‘श्रावण’ म्हटले, तर ते उत्तर बरोबर धरायचे, आणि त्यासाठी पंचांगात आज काय चालू आहे हे विचारणाऱ्याला माहीत हवे. इसवी सन न सांगता येणारी कितीतरी शहाणी माणसे खेड्यांत आहेत. अशा वेळी सोबतच्या माणसाला ‘यांना एरवी हे सांगता येते का?’ असे विचारून त्याचे उत्तर चार्टवर लिहावे. चित्रेही घागर, छत्री, बैल अशी सर्वांच्या ओळखीची असावीत.

किती वेळाने पाहायचे हे भिंतीवर लिहिलेले असावे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गुण १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने, १५ झाल्यावर पुढचे २ तास दर अर्ध्या तासाने, मग ४ तास दर तासाला आणि त्यानंतर दर २ तासांनी पाहायचे असते. मधेच गुण १५ वरून खाली आले तर पुन्हा पहिल्यापासून अर्ध्या तासाची गणती सुरू करायची. एक गुण कमी होऊन अर्धा तास तसाच राहिला, उलट्या थांबेनात, डोकेदुखी वाढत गेली, रुग्ण चिडचिडा किंवा विचित्र वागू लागला, किंवा डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, तर सिस्टरने डॉक्टरांना उठवायचेच. ‘उठवायचेच’ हे वरिष्ठांनी सर्वांसमक्ष सांगितलेले असले पाहिजे. रात्री तीन वाजता फोन केल्याबद्दल जिला एकदा ऐकून घ्यावे लागले आहे, ती दुसऱ्यांदा फोन करताना विचार करते, आणि तेवढा विचार रुग्णाला महागात पडतो.

वॉर्डबॉय मामा आणि मावशींनाही या पंधरा मिनिटांत बसवावे. रुग्णाने बाथरूममध्ये उलटी केली हे सर्वांत आधी त्यांना कळते. आणि दारूचा वास येणाऱ्या रुग्णाबद्दल एवढेच शिकवावे की, त्याची गुंगी दारूची आहे असे कोणीही आपल्या मनाने ठरवायचे नाही. त्याला इतरांइतक्याच वेळा, किंबहुना अधिक बारकाईने पाहायचे. ‘झोपलाय, झोपू दे’ हे नातेवाइकांचे म्हणणे अशा वेळी ऐकू नये.

उत्तर ३ : मेंदूशल्यचिकित्सक, पश्चिम महाराष्ट्र

सिस्टरांनी लिहिलेला शब्द न् शब्द महत्त्वाचा आहे. कवटीचे हाड मोडून आतली धमनी फाटली, तर रुग्ण काही काळ अगदी ठीक असू शकतो, बोलतो, चहा मागतो, आणि रक्त साठत गेले की झपाट्याने बेशुद्ध होतो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर असा रुग्ण पूर्ण बरा होऊन चालत घरी जाऊ शकतो. आमच्या हाती तो वेळेवर यावा यासाठी लागणारी माहिती अर्ध्या तासाच्या त्या नोंदींतच असते.

सीटीच्या निर्णयासाठी कॅनडात तयार झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला नियम शिकवावा. तो १६ वर्षे व त्यापुढील, १३ ते १५ गुण असलेल्या, आणि मार लागल्यावर शुद्ध हरपलेल्या, काही काळ विसरलेल्या किंवा गोंधळलेल्या रुग्णांसाठी आहे. दुखापतीनंतर २ तासांनीही गुण १५ न होणे. कवटी उघडी पडल्याची किंवा दबल्याची शंका. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, कानामागे काळेनिळे होणे, कान-नाकातून पाण्यासारखा द्रव येणे अशी कवटीच्या तळाला तडा गेल्याची लक्षणे. दोन किंवा अधिक उलट्या. ६५ किंवा त्याहून अधिक वय : यांपैकी एक जरी असले तरी सीटी करावा. मार लागण्याआधीची ३० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ आठवत नसेल, किंवा वाहनाने पादचाऱ्याला उडवणे, वाहनातून बाहेर फेकले जाणे, ३ फुटांपेक्षा किंवा ५ पायऱ्यांहून अधिक उंचीवरून पडणे असा धोकादायक प्रकार असेल, तरी तो करावा. चालत्या दुचाकीवरून फेकला गेलेला, त्यातही हेल्मेट नसलेला माणूस मी याच गटात धरतो. हा माझा निर्णय आहे, मूळ नियमातला नाही.

नियम कोणाला लागू नाही हेही तितक्याच ठळकपणे शिकवावे, कारण चुका तिथे होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे आणि मार लागल्यावर फिटचा झटका आलेले रुग्ण या नियमाबाहेर आहेत. त्यांचा सीटी करावा. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन घेणारे आजोबा बाथरूममध्ये घसरले आणि कपाळावर फक्त टेंगूळ आले, तरी तो फक्त टेंगळाचा रुग्ण नव्हे. गोळ्यांची पट्टी घरून मागवून डोळ्यांनी पाहावी. वयस्कर माणसांत मेंदूभोवती जागा वाढलेली असते आणि रक्त सावकाश साठते, त्यामुळे पहिल्या दिवशी काही न दिसलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी एक पाय ओढत येतो. नातेवाइकांना हे आधी सांगितलेले असले तर ते वेळेवर येतात. मुलांसाठी ४२,००० हून अधिक बालकांच्या अभ्यासावर आधारलेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला पेकार्न नियम आहे. त्यात २ वर्षांखालील आणि वरील मुलांचे निकष निराळे आहेत, म्हणून त्याचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे, मोठ्यांच्या तक्त्यात ते मिसळू नये.

सरसकट सीटी करणाऱ्या सहकाऱ्यांनाही काही सांगणे आहे. डोक्याच्या एका सीटीतून साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, म्हणजे छातीच्या सुमारे शंभर एक्स-रेंइतका. खर्च रुग्णाच्या खिशातून जातो, आणि स्कॅन नॉर्मल आला की त्याच्याकडे पुन्हा कोणी वळून पाहत नाही, हा मला त्याहून मोठा धोका वाटतो. सीटीऐवजी कवटीचा साधा एक्स-रे काढून निश्चिंत होण्याची पद्धत तर पूर्ण बंद व्हावी, कारण हाड शाबूत असतानाही आत रक्तस्राव असू शकतो.

औषधांबद्दल थोडे कडकच लिहितो. मेंदूला सूज येऊ नये म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची सवय अजून दिसते. १०,००० हून अधिक रुग्णांवरील क्रॅश चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू वाढल्याचे दिसले आणि ते निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. इतक्या वर्षांनंतर ते इंजेक्शन डोक्याच्या दुखापतीसाठी कोणत्याही ट्रेमध्ये भरलेले दिसू नये. अस्वस्थ रुग्णाला शांत करण्यासाठी गुंगीचे इंजेक्शन देण्याआधी तो अस्वस्थ का आहे हे शोधावे, कारण गुंगीत गेलेल्या माणसाचे गुण मोजणे व्यर्थ असते. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे.

उत्तर ४ : तालुक्याच्या ठिकाणचे जनरल प्रॅक्टिशनर

शहरातून घरी पाठवलेले रुग्ण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात, म्हणून घरी पाठवण्याच्या बाबतीत लिहितो. रुग्ण भुदरगड, राधानगरी किंवा चंदगडच्या एखाद्या वाडीवर परत जाणार असेल, तर त्याला सोडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारणे परिचारिकांना शिकवावे : रात्री जवळ मोठे माणूस कोण असणार, बिघडले तर वाहन कोणाचे मिळणार, आणि रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागणार. उत्तरे समाधानकारक नसतील तर सकाळपर्यंत ठेवून घेणे हाच उपचार आहे. घरच्यांनी त्याला रात्रभर जागे ठेवावे असे सांगण्यात अर्थ नाही. ज्याच्यावर रात्री लक्ष ठेवण्याची खरोखर गरज आहे, तो रुग्णालयातच हवा.

सूचनांचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि एकाच पानाचा असावा. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, हाक मारूनही नीट जागे न होणे, झटका, बोलण्यात किंवा चालण्यात फरक, कान-नाकातून पाणी : यांपैकी काहीही दिसले तर थेट १०८ ला फोन करून निघावे. त्याखाली हेही असावे की थोडी डोकेदुखी, गरगरणे, चिडचिड, लक्ष न लागणे हे बहुतेकांना काही दिवस ते काही आठवडे राहते आणि बरे होते. हे न सांगितल्यामुळे माणसे उगाच घाबरून पुन्हा स्कॅन करत फिरतात. कागद हातात देऊन थांबू नये. नातेवाइकालाच विचारावे, ‘आता घरी गेल्यावर काय दिसलं तर परत आणणार, सांगा बघू.’ त्याने दोन-तीन लक्षणे आपल्या शब्दांत सांगितली की मगच सही घ्यावी. झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, कुशीवर वळवावे, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

कोल्हापूरचे म्हणून एक वेगळे सांगणे आहे. तालमीत मातीवर आपटलेला पोरगा किंवा शाहू स्टेडियमवर डोक्याला डोके लागलेला खेळाडू येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘उद्या खेळू का?’ हा असतो. त्याच दिवशी पुन्हा खेळायचे नाही; पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग चालणे, हलका व्यायाम, आणि त्रास नसेल तर टप्प्याटप्प्याने पुढे. वस्तादांना किंवा प्रशिक्षकांना फोन लावून हे डॉक्टरांनी स्वतः सांगितले तर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्नकर्ता : कॅज्युअल्टी अधिकारी, कोल्हापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर अशी जोडी आधी तयार करायची, ड्युटी बदलतानाची पंधरा मिनिटे ठेवायची, आणि कॅनडाचा नियम केसपेपरच्या मागे छापायचा असे ठरवतो आहे. रात्री फोन करण्याबाबतची सूचना संचालकांच्या सहीने लावून घेईन. अध्यापक सर, फरक पडला की नाही हे कसे पाहावे, एवढे कृपया सांगावे.

उत्तर : आपत्कालीन वैद्यकशास्त्राचे अध्यापक, पुणे

दर महिन्याला डोक्याच्या सौम्य दुखापतीचे सलग २० केसपेपर काढावेत. निवडून काढू नयेत, नाहीतर चांगलेच हाताला लागतात. प्रत्येकावर तीन प्रश्न विचारावेत : गुण वेगवेगळे आणि वेळेसह किमान ठरल्याइतक्या वेळा लिहिले आहेत का, सीटी केला किंवा केला नाही याचे कारण नियमानुसार लिहिले आहे का, आणि सूचनांच्या कागदावर नातेवाइकाची सही आहे का. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच. आकडे सिस्टरांच्या खोलीत लावावेत, पण कोणाचेही नाव लिहू नये. एकदा का या तपासणीतून कोणाला मेमो मिळाला की पुढच्या महिन्यापासून नोंदी रुग्णाला न पाहताच भरल्या जातील. परत आलेल्या रुग्णांची वेगळी वही ठेवावी आणि त्यातील प्रत्येकावर जोडीने बसून बोलावे.

माणसे बदलतात असे आपण लिहिले आहे, म्हणून नव्या कर्मचाऱ्याला कॅज्युअल्टीत एकट्याने ड्युटी देण्याआधी जोडीतील कोणाकडून तरी गुण मोजण्याची प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. आणि पहिले २० केसपेपर प्रशिक्षण सुरू करण्याच्या आधीचेच काढून ठेवा, म्हणजे पुढचे आकडे कशाशी ताडून पाहायचे हा प्रश्न उरणार नाही. चित्रांचा संच आणि चार्टचा नमुना मी आपल्याला पाठवतो. घागर आणि बैल त्यात घालून घ्यावेत.